काकडाशिवाय शेवळं

"शेवळाची भाजी काकडं घातल्याशिवाय शिजवायची नाही. का, ते विचारायचं नाही." हा आमच्या सायवनच्या लक्षीकाकीचा नियम. तो मोडून मी जी शोभा करून घेतली, ती काय वर्णू! हसा खुशाल, गाव अजून हसतंय.

मी विचारलं होतं हो! "का नाही, काकी?"

"माझ्या सासूने सांगितलं."

"तिला कोणी सांगितलं?"

"तिच्या सासूने. कॉलेजात गेलीस ना, म्हणून असलं सुचतं."

घ्या! सासवांची रांग म्हणजे शास्त्र! आणि हे कोणाला? बॉटनीत बी.एस्सी. झालेल्या मला!

गावाच्या पडीक जागेवर आम्ही जंगलबाग लावत होतो. वर फणस, मधे शेवगा, खाली सुरण आणि शेवळाचे रानकोंब. गावाला खायला, शाळेतल्या पोरांना शिकायला. तिथलं काकडाचं एकुलतं झाड माझ्या नकाशात बसेना. लावलं तोडायला! जंगल उभारायला झाड तोडणारी मीच पहिली असेन. पंच नवशाकाका ओरडले, पण त्यांचं कोण ऐकतं? त्यांना तर तिथलं सगळंच तोडून चिकूची वाडी हवी होती. त्यांच्या डोक्यात चिकूशिवाय काही उगवतच नाही.

जूनमध्ये बाग ठेवायची की नाही, हे ठरवायला बैठक बसली. पंचांना जिंकायला मी पातेलंभर शेवळं रांधली. सुक्या कोलंबीचे सोडे, नारळाचा रस, झणझणीत वाटण. काकडं? ती आंबट फळं घालून चव कशाला बिघडवा?

"काकडं घातलीस ना गो?" काकीने विचारलं.

"घातली, घातली!" मी ठोकून दिलं.

चार घास झाले आणि नवशाकाकांनी घसा खाकरला. मला वाटलं, कौतुक करणार! मग शेजारचे खाकरले. मग अख्खी पंगत.

"घशात कुसळं भरली गो बाय!"

माझ्या घशात तर कोणी खराटाच फिरवत होतं.

काकी चिंचेचे गोळे घेऊन धावली. "चोखा! शेवळाची खाज आंबटानेच जाते. बोलू नका, नुसती चोखा!"

नवशाकाकांनी गोळा हातातच धरला. "झाडं तोडायची सुरुवात हिनेच केली. आता उरलेली आपण तोडू, चिकू लावू."

मी ताडकन उठले. "नाही! या बागेतलं आता पानही तोडू देणार नाही. कोणाचा विरोध आहे? बोला!"

सगळे गप्प. नवशाकाकासुद्धा! काय ती माझ्या शब्दांची जरब! मी लगेच बैठकीच्या वहीत लिहिलं, 'विरोध कोणाचाच नाही.' मान वर केली, तर नवशाकाकांसकट साऱ्या पंचांचे गाल चिंचेने टम्म फुगलेले.

बाग माझ्या भाषणाने वाचली, असं मी बाहेर सांगते. गावात मात्र श्रेय माझ्या स्वयंपाकाला देतात.