भिंतबाई

तिला सगळे भिंतबाई म्हणायचे, आणि नाव ठेवणाऱ्याचं फारसं काही चुकलं नव्हतं. कामच भिंतीचं होतं तिचं. सकाळी एखाद्या बालवाडीत जायचं, कोपऱ्यातल्या वीतभर खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसायचं आणि वर्ग सुटेपर्यंत नुसतं बघायचं. शिकवणाऱ्या बाई पोरांच्या उंचीला वाकतात का, प्रश्न विचारून थांबतात की आपणच उत्तर देऊन मोकळ्या होतात, खेळणी पोरांच्या हाताला लागतात की कपाटावर शोभेला ठेवलीत, हे बघून गुण द्यायचे. बोलायचं नाही, हसायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. पोर जवळ आलं तर कागदात डोकं खुपसायचं. बघणारा मध्ये बोलला की तपासणी बाद. मग दुसऱ्या कुणीतरी जाऊन ती पहिल्यापासून करायची.

धाकटी बहीण फोनवर खिदळायची. "गप्प बसायचा पगार मिळतो तुला? आमच्या ह्यांना लाव की गं चिकटवून तिथं!"

भिंतबाईही हसायची. पण फोन ठेवला की घरात बोलायला दुसरं कोण होतं? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. दिवसभर चिवचिवाटात बसून ती घरी निघायची आणि वाटेत दुकानदाराला 'दूध द्या' म्हणायच्या आधी तिला घसा खाकरून घ्यावा लागायचा. न वापरलेल्या कडीसारखा तो गंजलेला असायचा.

त्या दिवशीच्या बालवाडीत मागच्या खेपेला गुण कमी पडले होते. याही वेळी पडले तर तिथल्या बाईंना घरी बसवणार, हे झाडलोट करणाऱ्या मावशींनी फाटकातच तिच्या कानावर घातलं. भिंतबाईनं ऐकलंच नाही असं दाखवलं. ती दाराशी चपला काढत होती, तेवढ्यात आतून डरकाळी आली.

तिनं फटीतून पाहिलं. चांगल्या अंगानं भरलेल्या बाई चार पायांवर चालत होत्या. गुडघे दुखत असणार, चेहऱ्यावर दिसतच होतं. "सिंहाला भूक लागलीय! सिंह काय खाणार?" एक तोतरं पोरगं तोंड उघडून शब्द शोधत होतं. बाकीची पोरं ओरडत होती, पण सिंह हलला नाही. त्या पोराकडेच बघत राहिला. "च... च... चप्पल!" मग सिंहानं चप्पल अशी कचाकचा खाल्ली की पोरं लोळायला लागली.

पैकीच्या पैकी गुण! पण दाराबाहेरून पाहिलेलं मोजायचं नाही, असा नियम.

तिनं दार उघडलं आणि बाईंचं धाबं दणाणलं. त्या टुणकन उठल्या, गुडघे झटकले आणि पोरांना रांगेत बसवून तोंडावर बोट ठेवायला लावलं. मग "बोला, एक, दोन, तीन..." आवाज पार कोरडा पडलेला. पोरं मेंढरांसारखी ओरडत होती. एका पोरीनं हात वर करून विचारलं, "बाई, सिंह?" बाई म्हणाल्या, "गप्प. आणि तिकडं बघू नका. ती भिंत आहे."

भिंतबाईनं पेन्सिल चालवली. जे दिसत होतं तेच मांडायचं, आणि दिसत होतं ते सगळं वाईट होतं. ही बाई आता घरी बसणार, आणि बसवणार आपणच. तरी तिनं पुढचा रकाना भरला.

मधल्या सुट्टीत ती सिंह विचारणारी पोरगी मागून आली. हातात कागद आणि चिकटपट्टी. चित्रं भिंतीवर लावायची असतात, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं भिंतबाईच्या पाठीवर कागद ठेवला आणि चारी कोपऱ्यांवर तळहातानं थापट्या मारल्या, चांगल्या दाबून. आपल्या पाठीवर शेवटचा हात कुणाचा पडला होता, हे भिंतबाईला आठवेना.

पोरगी पुढं आली. निरखून म्हणाली, "भिंत डोळे पुसते?"

"नाही गं," भिंतबाई म्हणाली. आवाज घोगरा निघाला. "सिंह कुठं गेला?"

बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. तपासणी बाद झाली, हे त्यांनाही कळलं.

"तुला घाबरला," पोरगी म्हणाली.

कागद गोळा करून निघताना भिंतबाई दाराशी थांबली. "बाई, आता दुसरं कुणी येईल. त्यांच्यासमोर सिंहाला झोपवू नका."

"आणि तुम्ही?"

"मी काय, भिंत."

वरिष्ठ फोनवर भडकले. "इतक्या वर्षांत कधी नाही, आणि आज तोंड उघडलंत?" तिचं वर्गांत जाणं बंद झालं. ऑफिसात टेबल मिळालं, तेही खिडकीकडे तोंड केलेलं. पुढं एकदा बसच्या थांब्यावर बालवाडीतल्या त्या मावशी भेटल्या. "राहिल्या आमच्या बाई! अहो, तुमच्या जागी आलेल्या बयेसमोर सिंहानं दोन चपला खाल्ल्या!" बस आली, मावशी गेल्या.

पाठीवरचं ते चित्र आता घरात दिव्याखाली लावलंय. नुसत्या गोल गोल रेघा, आणि मध्ये काहीतरी काळं. सिंह असेल, खुर्ची असेल. मुलाला त्याच्या चित्राबद्दल विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, हे तिच्याच तपासणीच्या कागदावर छापलेलं होतं. विचारायचं राहून गेलं. रविवारी फोनवर चित्राचं ऐकून बहिणीनं विचारलं, "कसलं गं ते चित्र?" भिंतबाई घसा खाकरून म्हणाली, "कुणास ठाऊक."