शेऱ्याचा रकाना

आमच्या नोंदवहीत उजवीकडे शेवटचा रकाना असायचा, शेऱ्याचा. आधी वाणाचा नंबर, मग कांदाचाळीतला कप्पा, मग दर महिन्याचं वजन, आणि उरलेल्या चार बोटं जागेत शेरा. माझ्या संगणकात तो रकाना नव्हता. गोष्ट एवढीशीच आहे, पण ती सांगायला मी बरीच वर्षं टाळाटाळ केली, कारण तिच्यातली चूक माझी आहे.

मी नाशिक रोडची. वडील नोटांच्या प्रेसमध्ये. एक कागद इकडचा तिकडे झाला तर तो सापडेपर्यंत माणसांना घरी सोडत नाहीत, हे ऐकत मी मोठी झाले. त्यामुळे असेल, पण आपल्या हातून चूक होत नाही असा मला भारी तोरा होता. नव्वदीच्या मध्यात संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि शहराबाहेरच्या एका कांद्याच्या संशोधन केंद्रात आकडे भरायला लागले. केंद्र लहानसंच होतं. आता तिथे बिल्डिंगा झाल्यात.

संगणकाची खोली म्हणजे देव्हारा. अख्ख्या आवारात तेवढ्या एका खोलीला एसी, आणि चपला बाहेर. शेतावरच्या माणसांनी तर उंबऱ्याच्या आत यायचंच नाही, धूळ जाते म्हणून. मामा त्यामुळे कायम दारातच उभे असायचे, वही पुढे करून.

मामा म्हणजे आमचे शेतावरचे जुने सहायक, देवळा तालुक्यातले. चाळीतला प्रत्येक कप्पा दर महिन्याला उपसायचा, सडका कांदा बाजूला काढायचा, चांगला तोलायचा आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. कुठला वाण जास्त महिने टिकतो ते त्यावरून ठरायचं. अक्षर टपोरं, आणि शेरे बघण्यासारखे. "पत्रा गळतो, साहेबांना दोनदा सांगितले." "तीन कांद्यांना कोंब, बाकी शहाणे." मी वाचून हसायचे आणि पुढचा आकडा भरायचे. शहाण्या कांद्याला माझ्याकडे खण नव्हता.

चौदा नंबरचा वाण मामांनी दिलेला होता. त्यांच्या बायकोनं घरी गाडग्यात बी राखून वर्षानुवर्षं धरलेला. ती गेली तेव्हा गावातल्या सगळ्यांनी पुडीतलं बी घ्यायला सुरुवात केली होती. घरी ठेवलं तर वाया जाईल, इथे निदान नाव लागेल, म्हणून मामांनी गाडगं रिकामं करून सगळं बी केंद्रात आणून दिलं. कांद्याचं बी फार टिकत नाही. वर्ष दीड वर्ष उलटलं की उगवत नाही. म्हणजे तो वाण आता आमच्या चाळीतच काय तो होता. साठवणीत पहिल्या पाचांत आला असता तर पुढच्या चाचणीला गेला असता, गावोगाव लावला गेला असता.

"चौदा नंबर निजेल शे, ताई," ते दर महिन्याला दारातून सांगायचे. निजेल, म्हणजे गाढ झोपलेला. कोंब नाही, सड नाही. एरवी माझ्याशी साधं बोलायचे, पण या कांद्याबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी घरची अहिराणी यायची.

प्रत्येक वाण तीन कप्प्यांत ठेवलेला असे. त्या साली पावसाळ्यात केंद्रावर शेतकरी मेळावा झाला आणि आचाऱ्यानं दारालगतचा कप्पा चांगला कांदा दिसतोय म्हणून भाजीसाठी मोकळा केला. तो चौदा नंबरचा तिसरा कप्पा होता. संशोधनाचा कांदा पंगतीत गेला! साहेब चिडले, मग हसले, मग विसरले.

महिनाअखेर मामा वही घेऊन दारात आले.

"ताई, तीन नंबर कप्पा रिकामा हाय. पण सडला नाय बरं का. शेऱ्यात लिवलंय. मशीनमधी घालाल ना?"

"घालते मामा," मी मान वर न करता म्हणाले.

त्या खणात अक्षरं टाकली की मशीन पीं करायचं. रिकामा सोडला तर पुढे सरकायचं नाही. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काही नसेल तिथे शून्य टाका. मी शून्य टाकलं. साहेबांना नंतर तोंडी सांगू, असं मनात म्हटलं, आणि साफ विसरले. त्या दिवशी पगार होता, पाऊस होता, काय होतं आठवत नाही. काहीही असलं तरी ते कारण होऊ शकत नाही.

दिवाळीनंतर यादी छापून निघाली. मशीनला काय कळणार की कांदा सडला का जेवणात गेला? शून्य म्हणजे सगळं सडलं. चौदा नंबर तळाला, "साठवणीस अयोग्य".

मामांनी ती लांबलचक यादी दोन्ही हातांत धरून वाचली. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "हे मशीननं काढलं?"

"हो."

"मग असंल. माझीच नजर गेली असंल."

चौदा नंबरचे उरलेले कांदे इतर बाद वाणांबरोबर बाजारात गेले. बी धरायला लागवडीसाठी एकही ठेवला नाही. त्यानंतर मामांनी शेरा लिहिणं बंद केलं. नुसते आकडे. मला वाटलं, म्हातारा कंटाळला. काम सोपं झालं म्हणून मी खूषही झाले, हे कबूल करते. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले.

पुढे दहाएक वर्षांनी केंद्र बंद व्हायचं ठरलं. त्याआधी जुन्या वह्या नव्या संगणकात भरायला घेतल्या. नव्या प्रोग्रॅममध्ये शेऱ्याला जागा होती, हवी तेवढी, आणि चक्क मराठीत. मी पानं उलटत त्या महिन्यावर आले. तिसऱ्या कप्प्यापुढे आकड्याच्या जागी आडवी रेघ, आणि शेऱ्यात टपोऱ्या अक्षरात: "मेळाव्याच्या जेवणास नेला. सडला नाही. ताईंना सांगितले आहे."

मी तो कप्पा सोडून उरलेल्या दोन कप्प्यांचं गणित मांडलं. पुन्हा मांडलं. चौदा नंबर पहिला येत होता.

रविवारी पानाची झेरॉक्स घेऊन देवळ्याची गाडी पकडली. मामा ओट्यावर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, मला आवाजावरून ओळखलं. सूनबाईंनी चहा आणला. मी कागद काढला आणि त्यांचाच शेरा त्यांना वाचून दाखवला. शेवटचं वाक्य गाळावंसं वाटलं, पण एकदा गाळून झालं होतं. तेही वाचलं.

"मामा, तुम्ही बरोबर होतात. शून्य मी टाकलं. चूक माझी."

ते म्हणाले, "म्हंजी माझी नजर नव्हती गेली?"

"नाही."

आणि ते हसले. मी शिव्या खायच्या तयारीनं गेले होते, हसण्याचं काय करायचं ते मला कळेना. त्यांनी आत सुनेला हाक मारली, "आयकं का? चौदा नंबर सडेल नही व्हता!" मग माझ्याकडे वळून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"बी आणलंय ना, ताई?"

माझ्या पर्समध्ये तो एक कागद होता.