शारिकचा जबडा

शारिकचं घर माझ्या घराला लागून आहे. मधली भिंत एकच. मी लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहिली, आता घरी असतो. त्याचे वडील मोहियोद्दीन मोटरसायकलींच्या सीटला कव्हर शिवतात. कॉलेजातून आला की शारिक त्यांच्या दुकानात बसायचा. टाका वाकडा गेला तर कुणी न सांगता उसवायचा आणि परत घालायचा. अशी पोरं थोडी असतात.

अकरावीच्या उन्हाळ्यात त्याच्या नाकातून रक्त येऊ लागलं. आमच्याकडे त्याला घोळणा फुटला म्हणतात. ऊन बाधलं, एवढाच त्याचा अर्थ. कांदा फोडून हुंगवतात, टाळूवर गार पाणी थापतात. त्याच्या आईनं, हाजराबीनं, तेच केलं. रक्त थांबायचं, पुन्हा यायचं. पावसाळा लागला तरी येतच राहिलं. पुढे एका कानाला दडा बसला. त्यात लसणाचं तेल सोडलं. मग मानेला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कुणी घाई केली नाही.

नाकाच्या मागं, घशाच्या वरच्या टोकाला कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, हा आजार दक्षिण चीनकडे आणि आपल्याकडे नागालँडच्या बाजूला जास्त दिसतो, इथं क्वचित. पण क्वचित असला तरी कोवळ्या वयात होतो, आणि गाठ मानेत उतरेपर्यंत बहुतेकांना कळत नाही. गल्लीला हे पटलं नाही. "गुटखा खात असल," असंच लोक म्हणत. शारिकनं कधी सुपारी चघळली नव्हती. हाजराबी आधी ज्याला त्याला हे सांगत. नंतर त्यांनी सांगणं सोडलं.

बाहेरगावच्या मोठ्या दवाखान्यात औषधं चढवली, किरणांचा शेक दिला. गाठ गेली. शारिक वाळून परत आला. तोंडाला लाळ सुटेना, आवाज नाकात गेलेला. निघताना तिथल्या नर्सबाईंनी बजावलं होतं की शेकानं जबडा आखडतो, म्हणून रोज व्यायाम पाहिजे. कुल्फीच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, मावतील तेवढ्या. मग मधे आणखी एक सरकवायची. दुखणारच.

त्याची थोरली बहीण सबिहा कुल्फीवाल्याकडून काड्यांचा गठ्ठा घेऊन आली. "कुल्फी खावी लोकांनी, काड्या माझ्या भावाला," म्हणाली.

पण हाजराबीच्या हातून व्हायचं ते झालं. आजाऱ्याला मऊ द्यावं, पडू द्यावं, ही आमच्याकडची रीत. भाकरी वरणात भिजवून, बोटांनी कुस्करून भरवत. खिमट, खीर, शेवया. काडी दातांत घातली की शारिकच्या डोळ्यात पाणी यायचं, आणि ते पाहून त्या म्हणत, "राहू दे बेटा, उद्या कर." परत आलं तेव्हा पोरगं तीन बोटं मावतील एवढं तोंड उघडत होतं. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत एक बोट शिरेना.

त्यात एक दाढ किडली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, म्हणजे पाहता आलं तेवढं. त्या म्हणाल्या, "ही दाढ काढता येणार नाही. शेक बसलेलं हाड जखम भरून काढत नाही, हाडच सडू लागतं. कीड मुळाशी जायच्या आत भरावी लागेल. पण माझं मशीन आत जात नाही. दोन बोटं मावतील एवढं तोंड उघडून या."

हे मला सबिहानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर गेलो, शारिकला विचारलं.

"काड्या करतोस का?"

"हाव, आप्पा. रोज."

मी गठ्ठा मागितला. काड्या कोऱ्या होत्या. रोज दातांत धरलेल्या काडीवर वळ उठतात. इथं एकही नव्हता.

"शारिक, काड्या तर दुकानातून आल्या तशाच हायेत."

सबिहा हसली. हाजराबी मात्र चिडल्या. "आप्पा, लेकरू मरणाच्या दारातून आलंय. त्याला कशाला रडवायलाव?"

"भाभी, मोंढ्यात नव्या हमालाची मान पहिल्या आठवड्यात धरती. जो घरी निजतो त्याची धरूनच राहती. जो हलकं का हुईना, रोज उचलतो त्याची सुटती. ह्यात दया कामाची न्हाई."

"तुमचं पोतं होतं. हे माझं पोरगं हाय."

मी उठलो. तेव्हा शारिकच बोलला. तोंड नीट उघडत नसल्यानं शब्द चेपून येत होते. "अम्मी, तू आत जा. तू समोर असलीस की मला थांबावं वाटतं."

हाजराबी आत गेल्या. दार लोटून घेतलं.

तेव्हापासून तो ओट्यावर बसून काड्या धरू लागला. मी शेजारी बसे. मदत करण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या दिवसांत हिरड्यातून रक्त आलं. एखाद्या दिवशी जबडा पुन्हा आवळायचा आणि कालची काडी आज मावायची नाही. तो शिवी हासडायचा, गरम फडका लावायचा, परत बसायचा. उसवून टाका घालावा तसं. थंडीत जबडा जास्त आखडे. तेव्हा उन्हाचा तुकडा सरकेल तसा तो ओट्यावर सरके. सबिहा जाता येता म्हणे, "आप्पा, ह्याचं तोंड बंद होतं तेच बरं होतं. उघडलं की पैसे मागंल."

उन्हाळा लागायच्या आत दोन बोटं एकावर एक मावली. तिसरं नाही. पुढेही मावलं नाही.

दाढ भरायला सबिहा त्याला घेऊन गेली. हाजराबी घरीच थांबल्या. दारात उभ्या राहायच्या, आत जायच्या, परत यायच्या. दोघं रिक्षातून उतरली तेव्हा शारिकचा गाल सुन्न होता आणि ओठ एका बाजूला लोंबत होता.

"झालं?" हाजराबीनं विचारलं.

"झालं," सबिहा म्हणाली. "मधेच डॉक्टरीणबाई ह्याला म्हणाल्या, जरा तोंड मिट, माझा हात भरून आला."

हाजराबी हसल्या नाहीत. त्याचा गाल हातात धरून म्हणाल्या, "उघड. मला बघू दे."

त्यानं उघडलं.