दगडाला बांधलेले रोप

रंगीत मासे विकणाऱ्या एका दलालाने मला फसवले. "ही जोडी झाडांना तोंडसुद्धा लावत नाही," असे तो म्हणाला होता. म्हणून मी माझ्या सुताच्या दुकानातल्या काचेच्या हौदात पहिल्यांदाच तळ्यातली जिवंत रोपे लावली. माशांनी वाळू उकरून ती रोज उपटली. शेवटी एकच उरले, तेव्हा मी माशांवरच ओरडू लागलो.

सूत न्यायला आलेला एक विणकर ते बघत होता. दरावरून आमचे नुकतेच कडाक्याचे भांडण झाले होते. तरी तो हसला.

"शेट, पिलांसाठी खड्डा करतायत की ते. तुमी त्यांच्या अंगणातच झाड लावलंय."

त्याने कनवटीचा धागा काढला. मागावर तुटलेले सूत सांधावे तशी, न बघता गाठ मारून रोप दगडाला बांधले आणि कोपऱ्यात ठेवले.

"धागा कुजला तर?"

"कुजंल की. तवर मूळ धरतंय."

त्या विणकराचे नाव विचारायचे राहून गेले. आज त्या रोपाला चार नवी पाने आहेत आणि आडोशाला मोहरीएवढी पिले. आता त्या दलालाने समोर येऊन सांगावे: माझ्याशी भांडलेल्या माणसाने जे फुकट सांगितले, ते त्याने मासे विकताना का लपवले?