कान थकल्यावर

मंगळवारी सलीमभाऊ शिकायला येणार म्हणून मी पियानोवरचं कापड काढून ठेवलं होतं. बस चुकली असेल असं समजून चहाही थांबवला होता. तेवढ्यात त्यांच्या पत्नीचा, रजियाभाभींचा, फोन आला. ‘बाई, ते गेले... आज सकाळीच.’ मी ‘बरं’ एवढंच म्हणाले. या वयात अशा बातमीला तोंडातून आधी हेच निघतं. रडू मागून येतं, तेही त्याच्या सवडीनं. मला ते दुसऱ्या दिवशी भांडी घासताना आलं.

सलीमभाऊ चंद्रपूरचे शिंपी. धान निघालं, थंडी पडली की शिलाई मशीन झाकून ठेवायचे आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे इकडच्या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांमधून पेटी वाजवत गावोगाव हिंडायचे, पार एटापल्लीपर्यंत. जन्मभर भोंग्यांच्या शेजारी बसून कान निकामी होत आले. मी भद्रावतीच्या कॉलनीतली निवृत्त संगीतशिक्षिका. बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाचा जुना पियानो माझ्या गळ्यात पडलेला. शिकवून शिकवून जीव विटला होता. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दारातच सांगितलं, आता नवीन कोणाला घेत नाही.

‘मले कागदावरचं गाणं वाचाले शिकवा, बाई,’ ते म्हणाले.

‘आता काऊन, भाऊ? सारा जन्म कानावर काढला ना?’

‘कान जाऊन राह्यले. पुरे गेले तं गाणं कुठून आनू? डोळे तं अजून शाबूत हायेत.’

मी त्यांना आत घेतलं.

पियानोचं गाणं कागदावर पाच-पाच आडव्या ओळींच्या जोडीवर लिहितात. वरच्या पाच ओळी, म्हणजे उजव्या हाताच्या, त्यांना लवकर उमगल्या. तरी ‘सा कुठी धरू?’ हा घोषा सुटेना. पेटीवर हवा तिथे सा धरणारा माणूस. कागदावर प्रत्येक सुराची जागा आधीच ठरलेली असते, हे त्यांना दडपशाहीसारखं वाटायचं. खरं रडगाणं खालच्या पाच ओळींचं, डाव्या हाताच्या. त्या वाचायला घेतल्या की डावा हात पट्ट्यांवरून उठायचा आणि हवेत पेटीचा भाता मारायला लागायचा. मी मनगट धरून खाली आणायची, तो परत वर. एकदा मी करवादलेच, ‘पियानोले भाता नसते, भाऊ!’

‘मले मालूम हाय, बाई. हाताले मालूम नाई.’

मला हसू आलं आणि थकवाही आला. असे कितीतरी मंगळवार गेले. मग एक दिवस कागदाकडे बघता बघता तेच म्हणाले, ‘वरचं कापड, खालचं अस्तर. दोन्ही संगच कापाचं.’ त्या दिवशी डावा हात जागेवर राहिला. पण तोवर कान जवळजवळ गेलेच होते. पावसाळ्यात पियानोच्या पट्ट्या फुगतात. एकदा एक पट्टी दाबली तरी वाजत नव्हती. ते तिच्यावर बोट ठेवून निवांत पुढे जात होते. ‘बराबर हाय?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. बरोबरच होतं ते. वाजत नव्हतं एवढंच.

चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याला मी त्यांच्या घरी गेले. मी सरावासाठी त्यांना दिलेला सुरांचा कागद भाभींनी शिलाई मशीनवरून आणून माझ्या मांडीवर ठेवला.

‘आम्ही टीव्ही पाहात राहू, ते हे पाहात राहेत. इथी आले का थांबत, डोळे मिटत. मंग माह्याकडे पाहून हसत.’ त्यांनी एका जागेवर बोट ठेवलं. ‘इथी काय हाय, बाई?’

मी चष्मा लावून पाहिलं. ‘काही नाही, भाभी. तिथे दोन्ही हातांनी गप्प राहायचं असतं.’

त्यांचा विश्वास बसला नाही. पुढच्या मंगळवारी त्या एसटीनं माझ्याकडे आल्या. मी कागद लावून वाजवायला लागले. त्या जागी आले, हात उचलले आणि लिहिलंय तेवढा वेळ थांबले. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. भाभी माझ्या हातांकडे बघत होत्या.

‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘मंग एवढं तं मलेबी वाचता येईन,’ त्या म्हणाल्या. ‘त्याची निशाणी कोनती, दाखवा मले.’

मी पेन्सिलीच्या टोकानं दाखवली. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले... मी पुढचं वाजवलं नाही.