सोळा ओहमचा दिमाख

बालाजी झोपेतच गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेलगावात मंडपाच्या खांबावर चढून भोंगा बांधत होतो. पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते... आता सिरसाळ्यात लाऊडस्पीकरवाला मी एकटाच! मग मात्र भोंगा अर्धाच बांधलेला सोडून खाली उतरलो आणि सिरसाळ्याची वाट धरली.

आमची दुकानं समोरासमोर. अंगानं मी दांडगा, तो नुसती काडी. माझा भोंगा सिरसाळ्यात वाजला की तेलगावच्या म्हशी पान्हा चोरतात, असं मीच सांगत फिरायचो. पण लग्न ठरलं की लोक आधी त्याच्या पायऱ्या चढायचे आणि इकडं माझ्या पोटात दुखायचं. त्याचे स्पीकर आठ ओहमचे, म्हणून मी मुद्दाम सोळा ओहमचे आणले आणि गावभर ओरडलो, "दुप्पट आवाज!" पहिल्याच लग्नात खुद्द नवरदेवाला मंगलाष्टकं ऐकू येईनात. बालाजी कानाशी येऊन म्हणाला, "ओहम म्हंजे आवाज न्हाई बे, अडथळा हाय. सोळा लावल्यावर मशीन निम्मीच ताकद सोडतंय."

निम्मी? मग मी अडथळाच संपवायला निघालो! आठ ओहमचे चार स्पीकर आणले आणि सरपंचाच्या पोरीच्या लग्नात चारही एकाच जोडीच्या तारांवर शेजारीशेजारी जोडले. असे दोन जोडले की अडथळा चार ओहम होतो, चार जोडले की दोनच उरतो, आणि माझ्या मशीनला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरला, चारच्या खाली झेपत नव्हतं, हे मला नंतर कळलं. आधी मांडवाचे पत्रे थरथरावेत असा आवाज निघाला, आणि शेवटच्या 'सावधान'ला मशीनमधून धूर! वऱ्हाडात हशा, सरपंच लालबुंद. आता गावात मला कुणी दारात उभं करणार नाही, हे समोर दिसत होतं. तेवढ्यात जेवायला आलेला बालाजी उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "लाइट लई चढली, सरपंच! माझं मशीन असतं तरी जळालं असतं." मग धावत जाऊन स्वतःचं मशीन आणलं, माझे दोनच स्पीकर त्याला जोडले आणि लग्न पार पाडलं.

मी आभार मानले? छे! चांगुलपणातही हा माझ्या पुढंच, म्हणून आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. वर लाइट कशी चढली याचं वर्णन पुढं वर्षानुवर्षं मीच तिखटमीठ लावून करत राहिलो. आज लिहून टाकतो... लाइट ठीक होती. चूक माझी होती.

परवा त्याची शोकसभा झाली. मशीन माझं, स्पीकर माझे, दोनच जोडलेले. सुरू केल्यावर मशीन तापतंय का, ते त्याच्या पाठीवर तळहात टेकवून पाहिलं. ही सवय त्याची, माझ्या हाताला कधी लागली ठाऊक नाही. आवाज लख्ख आला. मागच्या रांगेतले एक म्हातारबुवा शेजाऱ्याला म्हणाले, "बालाजीचा सेट दिसतोय. दुसऱ्या कुणाला असं जमायचं न्हाई!"

अंगाची लाही झाली. सांगायला तोंड उघडलं... आणि म्हणालो, "व्हय आबा, त्याचाच हाय."