शालीकरामच्या दुकानातला फाटका आवाज

शालीकराम रामटेके आणि मी, आमच्यामध्ये फक्त चार इंच विटांची भिंत आहे. सडक अर्जुनीच्या बस स्टँडमागं, हायवेकडं तोंड करून, तिकडं त्याचं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आणि इकडं माझं टेलरिंगचं. तो फाटलेला आवाज शिवतो आणि मी फाटलेले कपडे, असं मी गिऱ्हाइकांना पंचवीस वर्षं सांगत आलो आहे. शालीकला हा विनोद कधीच आवडला नाही. आपल्या कामाची थट्टा त्याला खपत नाही आणि मला थट्टा केल्याशिवाय अन्न पचत नाही. अशी आमची दोस्ती.

'फाटला' हा शब्द मात्र त्याचाच. कुणाचा डेक येऊ दे, ट्रकचा टेप येऊ दे, भजन मंडळाचा भोंगा येऊ दे, शालीक डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकायचा आणि म्हणायचा, "फाटला." मग कुठं फाटला ते शोधायचा. तरुणपणी तो गोंदियाला मुन्नालालच्या दुकानात व्हॉल्व्हचे रेडिओ शिकला होता. व्हॉल्व्ह म्हणजे त्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या. त्यात करंट असा असतो की माणूस उभ्याचा आडवा होईल. म्हणून मुन्नालालनं पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं की चालू मशीनमध्ये एकच हात घालायचा, दुसरा खिशात. ती सवय शालीकला इतकी लागली की तो चहासुद्धा एक हात खिशात घालून प्यायचा. नवा माणूस बघून म्हणायचा, मिस्त्री मोठा ऐटबाज दिसतो.

मुन्नालाल गेला, व्हॉल्व्हचे रेडिओ भंगारात गेले, पण शालीकचा कान राहिला. चौदा एप्रिलच्या जयंतीचा माईक बावीस वर्षं त्याचाच. समितीला दुसरा माणूस चालायचा नाही, आणि शालीकला तर त्या एका दिवसासाठीच दुकान उघडतो असं वाटायचं. बाबासाहेबांवर बोलणाऱ्या माणसाचा शब्द मागं बसलेल्या म्हातारीलाही साफ ऐकू गेला पाहिजे, एवढीच त्याची जिद्द.

आणि तिथंच २००९ सालच्या उन्हाळ्याआधी पाचर बसली. सौंदडच्या एका लग्नात शालीकनं साउंड लावला आणि लोक तक्रार करायला लागले की आवाज कानात टोचतो. सौंदडलाच जागेश्वर म्हणून एक नवा डीजेवाला होता. त्यानं पानठेल्यावर बोलून टाकलं, "शालीक मिस्त्रीच्या कानाले जंग लागला." दोन दिवसांत ते समितीपर्यंत पोचलं. शालीक माझ्या दुकानात येऊन तणतणला. "कान माहा ठीक आहे गा! लोकच आजकाल तोंडातल्या तोंडात बोलून राहिले. रुख्माई तशीच. काय म्हनते ते तिले तरी समजते का नाही, कोन जाने."

रुख्मा त्याची बायको. तिचा आवाज आमच्या शिलाई मशीनच्या वरून ऐकू येतो. मी काही बोललो नाही. उगाच कशाला बोला, असं वाटलं. आता मला त्याची लाज वाटते.

तेवढ्यात त्याची भाची रीना आली. रीना गोंदियाला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि तीन मित्रांबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. तिनं रायपूरच्या एका वादकाकडून जुना अँप्लिफायर घेतला होता. काळा खोका, पुढं जाळी, आत मोठा स्पीकर, आणि वजन इतकं की टेम्पोतून उतरवायला आम्ही तिघं लागलो.

"मामाजी, आवाजच बंद पडला याचा," ती म्हणाली. "नागपूरवाले बोलले, व्हॉल्व्हवाला काम अब कोई नहीं करता. मी म्हटलं, माझे मामाजी करतात. रविवारी आमचा प्रोग्राम आहे कॉलेजात."

शालीकनं मागचं झाकण काढलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. आत एका ओळीत काचेच्या नळ्या! वीस वर्षांनी माहेरचं माणूस भेटावं तसा तो त्यांच्याकडं बघत राहिला. रीना गिटारही ठेवून गेली, वाजवून बघायला म्हणून.

बिघाड साधाच निघाला. एक रजिस्टन्स जळाला होता, त्याच्यापायी फ्यूज उडाला होता. गुरुवारी दुपारी त्यानं ते बदललं, डावा हात खिशात घातला आणि मला हाक मारली. त्याला गिटार येत नव्हती. मलाही येत नव्हती, पण मला निदान वाजवायची लाज नव्हती. मी सगळ्यात जाड तार ओढली.

काय सांगू! खोक्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून मी गिटार खालीच टाकणार होतो. लोखंडी पत्रा कुणी रस्त्यावरून ओढत नेतो आहे असा, घरघरता, चिरफाळलेला. आणि तार सोडून दिली तरी थांबेना.

"फाटला," शालीक म्हणाला. "पुराच फाटला."

तिथून त्याचे वाईट दिवस सुरू झाले. त्यानं स्पीकर तपासला, चांगला. व्हॉल्व्ह एकेक करून तपासले, चांगले. जोड पुन्हा डाग देऊन पक्के केले. मी दर तासाला जाऊन तार ओढायचो आणि खोका दर तासाला तसाच ओरडायचा. पुढं आवाज किती चढवायचा त्याचं एक बटन होतं, त्याच्यावर गेन लिहिलेलं. ते कमी केलं की आवाज जरा ताळ्यावर यायचा, पण रीनानं त्याच्यापुढं पांढऱ्या पेनानं खूण करून ठेवली होती, दहाच्या जवळ. म्हणजे ती तिथंच वाजवणार.

"बरं, एक सांग," त्यानं मला विचारलं, "तुले फाटलेला वाटून राहिला का मलेच?"

"मला तर पार चिंध्या झालेला वाटतो."

"मंग ठीक आहे," तो म्हणाला. पण चेहऱ्यावरून तसं दिसलं नाही.

शुक्रवारी त्याला कळलं. निदान कळलं असं वाटलं. "बनवनाराच पागल आहे गा! एका व्हॉल्व्हनं आवाज मोठा केला. तोच दुसऱ्याले देल्ला, त्यानं अजून मोठा केला. मंग तिसऱ्याले. आता तिसरा बिचारा काय करन? फाटनारच!" एवढं बोलून त्यानं मधले दोन टप्पे गाळले आणि एक वायर सरळ पुढं नेली. मी तार ओढली. गोड, साफ, गोल आवाज निघाला. शालीकनं डोळे मिटले. त्या दिवशी त्यानं मला स्वतःहून चहा पाजला, आणि जागेश्वरचं नाव घेऊन दोन शिव्याही घातल्या.

शनिवारी दुपारी रीना आली. गिटार गळ्यात अडकवली, बटन खुणेवर नेलं आणि हात मारला. साफ आवाज आला. तिनं पुन्हा मारला. मग बटन दहावर नेलं, आणि आमच्याकडं अशी बघायला लागली, जशी काही मीच तिची चोळी आखूड शिवली.

"मामाजी, याचं डिस्टॉर्शन कुठं गेलं?"

"काय गेलं?"

"अहो, तो घर्रर्र आवाज! फाटलेला!"

"तो काढला न मी," शालीक अभिमानानं म्हणाला. "दोन दिवस लागले."

रीना खाली बसली. रडेल की हसेल, मला कळेना. तिला धड मराठीत सांगता येईना की धड हिंदीत. "मामाजी, वही तो चाहिए था! त्याच्यासाठीच तर हा घेतला. हा बनवलाच आहे आवाज फाडायला. एकामागं एक व्हॉल्व्ह त्याच्यासाठीच लावतात."

शालीकनं माझ्याकडं बघितलं. मी शालीककडं बघितलं. चाळीस वर्षं ज्या रोगावर औषध दिलं, तो रोगच विकत मिळतो, हे त्याच्या डोक्यात शिरेना. खरं सांगतो, माझ्याही शिरेना. पण मला एक गोष्ट आठवली आणि मी ती सांगून टाकली. मागच्या दिवाळीत एकानं माझ्याकडं नवी जीन्स आणली, फक्त खालून आखूड करायला. गुडघ्यावर ही मोठी भोकं. मला दया आली. मी रात्रंदिवस बसून अशी बारीक रफू केली की भोक कुठं होतं ते सापडू नये, आणि वर फुकट. तो पोरगा जीन्स बघून मटकन बसला. भोकांसाठीच त्यानं ती घेतली होती.

रीना खदखदून हसली. शालीक हसला नाही.

"पँटचं वेगळं," तो म्हणाला. "पँट डोळ्यानं दिसते. एक सांग रीना, खरं सांगजो. तुले तो आवाज चांगला लागते?"

"खूप चांगला लागतो, मामाजी."

"आनि तुह्या दोस्ताइले?"

"सगळ्यांना. दुनियाभर वाजवतात असा."

तो हळूच म्हणाला, "मंग मलेच काऊन फाटलेला आयकू येते? जागेश्वर म्हनते ते खरं तं नाही?"

तेव्हा मला उमगलं. हा माणूस दोन दिवस अँप्लिफायर तपासत नव्हता, स्वतःचे कान तपासत होता. आवाज साफ झाला तेव्हा तो खोक्यासाठी खूश झालाच नव्हता. रीनाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मामाजी, तुम्हाला फाटलेला ऐकू येतो कारण तो फाटलेलाच आहे. आम्हालाही तसाच येतो. कान तुमचे एकदम बरोबर."

"फाटलेलाच आहे?"

"हो."

"आनि तसाच पाहिजे?"

"हो!"

डोक्यावरून ओझं उतरलेला माणूस कसा असतो, ते मी तेव्हा पाहिलं. त्यानं मागचं झाकण काढलं, वायर उपटली, मधले टप्पे जोडले, एका हातानं, शीळ घालत. अर्ध्या तासात खोका पुन्हा पहिल्यासारखा ओरडायला लागला. रीनानं जे काही वाजवलं, त्यातलं मला ओ का ठो कळलं नाही, पण शालीक मान डोलवत होता आणि मोठ्यानं म्हणत होता, "फाटला! मस्त फाटला!" दारात चार माणसं जमली.

वाजवणं झाल्यावर रीनानं गिटार काढली आणि खोक्याला टेकवून ठेवली. बटन कमी करायचं राहिलं, आणि खोक्याचा आवाज परत तारांत शिरला.

आधी बारीक, मग एकदम मोठी शिट्टी सुटली. अशी धारदार की माझ्या दाढा शिवशिवल्या. मी दोन्ही कान दाबले. दारातली माणसं मागं पळाली. रीना बटनाकडं धावली. आणि शालीक खोक्यापासून हातभर अंतरावर उभा, एक हात खिशात, तोंडावर तेच हसू.

"काय झालं?" तो म्हणाला. "काऊन कान दाबून राहिले सारे?"

रीनानं बटन फिरवलं. शिट्टी थांबली. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग रीनाला म्हणाला, "पुन्हा कर."

"राहू द्या न, मामाजी."

"कर म्हनतो न."

तिनं केलं. त्यानं कान जाळीला लावला. मी माझे कान दाबलेले, डोळ्यांत पाणी, आणि तो तिथं वाकून वाट बघतो आहे. रीना रडायला लागली तेव्हा त्यानंच हात पुढं करून बटन बंद केलं.

"घरघर येते मले," तो स्टुलावर बसत म्हणाला. "जाड आवाज सारा येते. हे बारीक नाही येत." मग म्हणाला, "म्हनून लग्नात टोचला. मले येत नोता तं मी वाढवतच गेलो."

आवाज फाटला की नाही, यात तो पहिल्यापासून बरोबर होता. तेवढं त्याला ऐकवावं वाटलं, पण त्याचा आता काय उपयोग होता! नसलेलं ऐकू येतं की काय, याला तो दोन दिवस घाबरला होता, ते खोटं निघालं, आणि असलेलं ऐकू येत नाही, याचा त्यानं विचारही केला नव्हता, ते खरं.

रीना खोका घेऊन गेली. तिचा प्रोग्राम झाला, छान झाला म्हणे. शालीकनं आठ दिवस दुकान उघडलं नाही. नवव्या दिवशी माझ्याकडं आला आणि समोरच्या स्टुलावर बसला.

"समितीले जागेश्वरचं नाव सांगून देतो," तो म्हणाला.

मला राग आला. खराखुरा. "बावीस वर्षं! आणि त्या पोराला देतोस? त्याला माईक कुठं ठेवायचा ते तरी कळतं का?"

"मंग काय करू? कान कुठून आनू?"

"माझे घे," मी म्हणालो. रागातच म्हणालो. पण त्यानं ते खरंच धरलं. स्टूल पुढं ओढलं.

"बसशील माह्याजवळ? पुरा टाइम?"

जयंतीला सकाळी नऊपासून मी त्याच्या मशीनच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो. ठरलं असं होतं की तो बटनांकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघणार. टोचलं की मी तोंड वाकडं करायचं, तो कमी करणार. सोपं वाटलं होतं. तीन तास मला तोंड सांभाळून बसावं लागलं. जांभई देता येईना, डास हाकलता येईना. एकदा शिंक आली तर पाहुण्यांचं भाषण मध्येच बारीक झालं, आणि समितीचे लोक आमच्याकडं बघायला लागले. शालीक घामानं भिजला होता. त्याची नजर माझ्यावरून हलली नाही.

कार्यक्रम संपला. सतरंज्या गुंडाळत असताना एक म्हातारी काठी टेकत आली. अगदी मागं बसली होती. म्हणाली, "शालीक, औंदा शब्द न शब्द आयकू आला रे बाबू."

ती गेल्यावर शालीकनं मला विचारलं, "खरं म्हनते का ते?"

मला थट्टा सुचली होती. ओठांवर आली होती. पण तो अजून माझ्या तोंडाकडंच बघत होता.

"खरं," मी म्हणालो.